हॉर्नची पत्ती

हे मी कोणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. बाबांजवळ तर — नाहीच. तुम्ही ऐकताय, म्हणून बघते जमतंय का.

आमचे बाबा इंदूरच्या एका मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होते. मिल बंद पडली तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. भोंगा थांबला आणि आमच्या मोहल्ल्यातल्या दुपारी कशा लांबच लांब झाल्या. कडुनिंबाची सावली ओट्यावरून सरकत राहायची, माणसं बनियनवर नुसती बसून असायची. मला ते दिवस पाण्याखालून बघितल्यासारखे आठवतात. खरंच इतकं शांत होतं, की मलाच तसं वाटतं?

बाबा मात्र बसले नाहीत. ओट्यावर टेबल टाकून त्यांनी जुन्या मोटारसायकलींचे स्विच दुरुस्त करायला घेतले. शहरात नव्या हलक्या गाड्या यायला लागल्या होत्या. जुन्या जड गाड्यांचे पार्ट सियागंजाच्या बाजारातही मिळेनासे झाले होते. बाबा दिव्याचे, हॉर्नचे बटण उघडायचे, पितळी पत्तीवरचा काळा थर पॉलिश पेपरनं घासायचे, पत्ती बसवून स्क्रू आवळायचे. वरचं झाकण लावायचं काम माझं. “आपलं काम परत येत नाही,” म्हणायचे. मिल गेली होती, पण हे वाक्य त्यांच्याजवळ होतं.

आणि मग अविनाश आला. तुकोगंजात एका ऑफिसात नोकरीला होता, काकांची जुनी गाडी चालवायचा. हॉर्न वाजत नव्हता, एवढंच. काम होईपर्यंत तो कडुनिंबाखाली उभा राहिला, माझ्याशी इकडचं तिकडचं बोलला. काय बोलला? आठवत नाही. त्याच्या शर्टावर हलणारी पानांची सावली आठवते. तो गेल्यावर वाटलं — आता हा कशाला येईल?

आला. सायलेन्सरचं काहीतरी विचारायला, उगाचच. बाबा म्हणाले, आलाच आहेस तर हॉर्न बघून घेऊ. त्यांनी बटण उघडलं, पत्ती साफ करून पुन्हा आवळली आणि झाकण लावायला माझ्याकडे दिलं.

मी — मी तो आतला स्क्रू ढिला केला. थोडासाच. हॉर्न वाजला, अविनाश हसत निघून गेला. रस्त्याचे दणके बसले की पत्ती सरकणार, मला ठाऊक होतं.

तो परत आला. “काकाजी, फिर वही! सियागंजच्या गर्दीत हॉर्नच नाही, लोक शिव्या देतात.”

बाबांनी उघडून बघितलं. “स्क्रू ढिला राहिला रे माझ्याकडून,” म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. ते मी बघितलं. बघूनही पुन्हा तेच केलं. आणि पुन्हा. हॉर्नच तर आहे, कोणाचं काय बिघडतंय — असं मनाशी म्हणत असे मी. तो यायचा, आम्ही बोलायचो, दुपार सोनेरी होऊन जायची. टेबलाशी बाबा काय करताहेत, मी बघायचेच नाही.

एकदा मान वळवली, तर बाबा स्क्रू आवळून हात उजेडात धरून बघत होते. मूठ मिटत होते, उघडत होते. मग अविनाशला म्हणाले, “भिया, आता दुसरा मिस्त्री बघ. मनगटात जोर राहिला नाही माझ्या.”

तेव्हा बोलायचं होतं ना मी? तो समोर होता. त्याच्यासमोर कसं सांगणार होते? बरं, तो गेल्यावर? गेल्यावरही नाही. दुसऱ्या दिवशी बाबांनी टेबल आत घेतलं, हत्यारं शेजारच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकली. मीही ती उचलायला हात लावला.

अविनाशनं नवी गाडी घेतली. पुढे कधीतरी रस्त्यात दिसला, ओळखीचं हसला, निघून गेला. त्याला काहीच माहीत नव्हतं — स्क्रूचं नाही, माझंही नाही.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं होते. दुखणं काही नव्हतं. पण घरातला बल्बसुद्धा बदलायचा झाला की मागे सरायचे. “तूच लाव गं कुंदा. माझ्या हाताचा भरवसा नाही.” चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले, आणि हात तर धडधाकट होते हो! मला माहीत होतं. जगात एकट्या मला माहीत होतं.

एकदा शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या घरचा फ्यूज उडाला होता. “भाऊ, जरा येता का?”

बाबांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. “हिला न्या. माझ्यापेक्षा हिचा हात चांगला आहे.” कौतुकानं म्हणाले. डोळे अगदी भरून आले होते त्यांचे.

मी गेले. तार बसवली, स्क्रू घट्ट आवळला. त्यांच्या घरात उजेड आला.