गळका माउथ ऑर्गन

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर हात ग्रीसमध्ये आणि डोकं यंत्रात. पण रविवार उजाडला की माणूस वेगळाच. मामी डबे भरायची आणि आम्हा भाचरांना घेऊन सगळं घर शहराबाहेरच्या तलावाकडे निघायचं. तिथे झाडाखाली मामा आधी माउथ ऑर्गन वाजवायचा, मग रहस्यकथेचं एक प्रकरण मोठ्यानं वाचायचा. गोष्टीतल्या अंधारात कुणीतरी कडी वाजवली, की पुस्तक फटकन बंद! "उरलेलं पुढच्या रविवारी." आम्ही त्याच्या नावानं खडे फोडायचो.

एका सकाळी दाढी करताना त्याला आरशात अर्धाच चेहरा हलताना दिसला. डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय, हळूहळू सुधारेल, पण किती ते सांगता येत नाही. चहा ओठांच्या कोपऱ्यातून गळू लागला. 'प' आणि 'ब' तर तोंडातून निघेचनात. मामीला वाटलं, आता काही दिवस हा उंबरा ओलांडत नाही.

रविवारी पाहते तर स्वारी बूट घालून दारात.

"अहो, लोक बघतील."

"वघू देत की! अर्धाच चेहरा हसतोय, तर तिकीटही अर्धंच काढू."

तलावाकाठी त्यानं माउथ ऑर्गन ओठांना लावला. सूर कमी, फुसफुस जास्त. माझा धाकटा भाऊ फिस्सकन हसला. मामी डोळे वटारणार, तोच मामाच खो खो हसत सुटला. मग सैल पडलेला ओठ दोन बोटांनी दाबून धरला आणि तीच चाल पहिल्यापासून वाजवली.

पुस्तक त्यानं ताईकडे, म्हणजे त्याच्या मुलीकडे दिलं. ती वाचू लागली आणि हा न बोलता कधी खुनी व्हायचा, कधी इन्स्पेक्टर. वाकड्या तोंडाचा खुनी असा काही वठला, की शेजारच्या चटईवरची अनोळखी मंडळीही सरकत जवळ आली.

पुढे कित्येक महिने तो रोज कामावरून आल्यावर माउथ ऑर्गन फुंकत राहिला. चेहरा बराचसा सरळ झाला, सगळा नाही. वाचन मात्र ताईकडेच राहिलं, कारण मामा खुन्याची भूमिका सोडायला तयार होईना. दुखण्याला इतका कमी भाव देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मामी तर आजही पाहुण्यांना त्याचे जुने फोटो दाखवताना म्हणते, "सरळ तोंडाचे होते ना, तेव्हा एवढे देखणे दिसायचे नाहीत हे."