भिंतीपर्यंतचा आवाज

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगू द्या, नाई तं पुन्हा माह्यानं होणार नाई. माय कुकर लावून राह्यली अन् मी इकडं पटापट टाइप करून राह्यली.

आमचं घर हिंगणघाटात, एका जिनिंगच्या मागच्या भिंतीले लागून. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायची मिल. माय तिथंच कामाले, बारा वर्षं झाली, मशीनीत कापूस लोटते. सीझनमधी दिवसभर असा घरघराट की मांडणीवरचे भांडे थरथरत. माही परीक्षा जवळ आलती. म्हटलं, मी तक्रारच करते.

"नोको वो बाई," माय म्हणे, "तिथंच खातो आपण."

तिले म्हटलं, नाई करत, अन् मागून केलीच. नाव शेजारच्या काकूचं टाकलं, तिले विचारून. तिचा नातू दुपारी झोपतच नव्हता.

प्रदूषण खात्याचे साहेब आले तवा माय मिलमधी होती. काठीवर काळा स्पंजचा गोळा असलेलं यंत्र घेऊन ते आमच्या अंगणात उभे राह्यले. नेमका माह्याच कुकर शिट्ट्या मारे. "होऊ द्या शिट्ट्या, मग मोजतो." काकू कुठं गप्प बसते! "साहेब, आमच्या बुढ्याचं घोरणंबी मोजून घ्या ना लगेहात!"

मोजलं. साहेब म्हणाले, "रहिवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलची हद्द आहे. हे सत्तरच्या वर."

"अन् आतमंदी किती असन साहेब?" मी सहजच विचारलं.

"आतलं माह्याकडं नाई बेटा. कामगारायचं खातं वेगळं. मी भिंतीपर्यंत."

नोटीस गेली. शेठनं मिलच्या शेडची मागची उघडी बाजू टिनं ठोकून बंद केली, खालून विटा रचल्या. अन् खरंच, बाहेर आवाज निम्म्यावर! साहेब पुन्हा आले, मोजलं, हद्दीत. काकूनं शिरा वाटला. मी परीक्षा पास झाली. कायदा काम करते राजेहो, असं मी साऱ्या मैत्रिणींले सांगत सुटली.

तो आवाज गेला कुठं, हे मी कोणालेच विचारलं नाई.

माय संध्याकाळी यायची, केसात कापूस, दोन्ही तळवे कानावर दाबून. एक दिवस जेवताना म्हणाली, "पह्यले मागून निघून जाये आवाज. आता आतच घुमते. कोणाच्या पोटात दुखलं होतं काय मालूम! त्याच्या कानात किडे पडो."

मी तिच्या ताटात आणखी भाजी वाढली.

माय कुकरच्या शिट्ट्या न पाहता मोजायची, हात भाजीत असले तरी. तिसरी झाली की गॅस बंद. मागच्या महिन्यात मी घरी आली तं गल्लीतूनच करपल्याचा वास. कुकर शिट्टीवर शिट्टी मारून राह्यला, माय त्याच्या बाजूले बसून मेथी निवडत. मले पाहून म्हणाली, "शिट्टी झाली काय वो?"

डॉक्टर म्हणाले, कानाची नस गेली, ते परत येत नाई. कानाले मशीन लावा, काम सोडा. मी विचारलं, टिनं लागल्यापासून जास्त झालं काय? ते म्हणाले, "बारा वर्षांचं आहे हे. किती कशानं गेलं, कोणालेच सांगता येणार नाई."

माय काम सोडत नाई. कान झाकाले ओढणी बांधून जाते.

त्या दुसऱ्या, कामगारायच्या खात्याचा अर्ज मी फोनात लिहून ठेवला आहे. पाठवत नाई. ह्या वेळी काकूचं नाव चालणार नाई, मायचंच टाका लागन, अन् शेठ तिले दुसऱ्या दिवशी काढन. पण त्याच्याआधी मायले सांगा लागन, की ते किडे माह्या कानात पडाचे होते. अन् तिले सांगाचं म्हणजे ओरडून सांगा लागते आता. पूर्ण गल्ली ऐकन, टिनाच्या पल्याडबी ऐकू जाईन.

पाचवी शिट्टी झाली. उठते, गॅस बंद करते. तुमच्यासोबत झालं काय असं कधी? घरच्याच माणसाचं नुकसान करून बसले, अन् ते त्यायले सांगताच आलं नाई? तुम्ही काय केलं मग?