बाळंतिणीनं रडू नये

बाळंतपणावर मी काही लिहावं, हे मलाच बरोबर वाटत नाही. माझं लग्न झालेलं नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, पण तेवढ्यानं सगळं कळतं असं थोडंच आहे? चुकलं तर माफ करा. वहिनीचं मात्र सांगावंसं वाटतं.

रांझीत, हिंदी मुलखातल्या एका वस्तीत, आमच्या दोन खोल्या. दादा ठेकेदाराकडे कामाला. वहिनीची आई लहानपणीच गेलेली, म्हणून तिचं बाळंतपण आमच्याकडेच झालं. मुलगी झाली. आईनं डिंकाचे लाडू केले, शेक दिला, कशात कमी केलं नाही. नियम एकच. बाळंतिणीनं रडायचं नाही, दूध आटतं.

वहिनीचे डोळे भरले की आई म्हणायची, "काहून रडून राहिली? हस बरं, लक्ष्मी आली घरी!" वहिनी हसायची. मग आईनं कुकर लावला, शिट्ट्या सुरू झाल्या, की रडून घ्यायची. मी पडद्याच्या अलीकडे अभ्यासाला बसायचो, म्हणून मला ऐकू यायचं.

बाळ रडलं की ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "आई, तुमची पोरगी रडून राहिली." आईला ती मस्करी वाटायची.

एकदा सरकारी आरोग्यसेविका, आमच्या वस्तीच्या आशा दीदी, बाळाचं वजन करायला आल्या. वहिनी त्यांना अगदी सहज म्हणाली, "दीदी, मैं न रहूँ तो भी ये पल जाएगी न?"

दीदींनी बाळ आईकडे दिलं. "अम्मा, इसे आज ही अस्पताल ले चलो. अकेली मत छोड़ना."

"नजर लागली तिला," आई म्हणाली. "मी उतरवते."

"नज़र भी उतारो, अम्मा. पर चलो."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर असा आजार होतो, आणि तो बराही होतो. गोळ्या दिल्या. हिला झोपू द्या म्हणाल्या, आणि रडू आलं तर रडूही द्या. परतताना ऑटोत आईनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग हळूच म्हणाली, "मी तर दोघांच्याही वेळी नाही रडले." वहिनीनं वळून तिच्याकडे पाहिलं.

त्यानंतर बाळ रात्री आईजवळ झोपायचं. वहिनी झोपू लागली, मोकळेपणी रडूही लागली. पण 'तुमची पोरगी' काही सुटलं नाही. तेवढ्यात मला परीक्षेसाठी भोपाळला जावं लागलं. फोनवर विचारलं की आई म्हणायची, "चलो, ठीक आहे. जेवते."

काल तिचाच फोन आला. आवाज चढलेला.

"ऐक, तुझ्या वहिनीनं आज मला झापलं! बाळाला न्हाऊ घालून राहिली होती मी, तर हातातला तांब्याच ओढला. म्हणते, एवढं गरम पाणी? माझ्या पोरीला शिजवता का?"

"माझ्या म्हणाली?"

"हो ना रे," आई म्हणाली, आणि फोनवरच रडायला लागली.