मालूचा एक पाय, अंकिताचा एक

मालूबाईला नवस फेडायचा होता. गोष्ट एवढीच होती, सरळ आणि साधी. बाकी जे लचांड उभं राहिलं ते तिने मागितलं नव्हतं, आणि त्यातलं निम्मं तिला आजही कळलेलं नाही. मला तरी कुठे सगळं कळलंय म्हणा! पण ज्यांना सगळं कळतं अशी माणसं पनवेलमध्ये काही कमी नाहीत, आणि त्या आठवड्यात ती सगळी एकाच हॉलमध्ये जमली होती.

मालूचं माहेर खाडीपलीकडच्या मोरा बंदराच्या बाजूचं. घरचं मिठागर नव्हतं, दुसऱ्याच्या मिठागरात बापाबरोबर राबायची. परकर गुडघ्यावर खोचून दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं, मीठ ओढायचं, पाटी डोक्यावर घेऊन ढिगावर नेऊन ओतायची. त्या पाण्याने तिचे पाय असे काही झाले की लग्नानंतर नवरा भगवान म्हणायचा, तुझ्या पायाला चप्पल कशाला, चपलेलाच तुझ्या पायाचा तळ लावावा. भगवान आता नाही. पनवेलजवळच्या कोन गावातली त्याची शेती थोडी रस्त्यात गेली, थोडी बिल्डरकडे गेली, आणि उरलेल्या तुकड्यावर परेशची, म्हणजे थोरल्या मुलाची, इमारत उभी राहिली. मालू आता गुळगुळीत टाइल्सवरून चालते. भेगा मात्र होत्या तशाच आहेत.

माहेरची एक गोष्ट तिने सासरी आणली, ती म्हणजे मोतमावली. बांद्र्याच्या टेकडीवरची मेरी माता ती हीच. पण असं सांगितलं तर मालू विचारेल, मेरी कोण? तिच्या लेखी ती मावली, एकवीरेइतकीच आपली. लहानपणी मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरून ही सगळी बायकापोरं बांद्र्याच्या जत्रेला जायची. तिथे मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळं विकायला असतात. माणसाचं जे दुखतं ते मेणाचं घ्यायचं आणि मावलीपुढे ठेवायचं. क्रॉस घातलेल्या बायकांच्या शेजारी लुगड्यातल्या बायका आपापले हातपाय घेऊन उभ्या, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

दोन वर्षांमागे पळस्प्याच्या फाट्यावर अंकिताच्या स्कूटरला ट्रेलरने घासलं आणि तिच्या उजव्या पायाचा घोटा चिरडला. अंकिता मालूची धाकटी, बँकेत नोकरीला, तोंडाने फटकळ आणि चालताना कायम घाईत. डॉक्टर म्हणाले, पाय राहील की नाही सांगता येत नाही. मालू दवाखान्याच्या जिन्यात बसली आणि तिने मावलीला शब्द दिला की पोरीचा पाय राहू दे, मी तिचा पाय घेऊन तुझ्याकडे येते. पाय राहिला. वाकडा राहिला, आत धातूची पट्टी आणि स्क्रू, वरून घोट्यापासून बोटांपर्यंत जाड वण, पण राहिला.

नवस तेवढा राहून गेला. मालूच्या माहेरची रीत अशी की ज्याचा पाय त्याने बरोबर यायला हवं, आणि अंकिता तर घराबाहेर पडायलाच तयार नव्हती. नोकरी सोडली. लग्नाचं जमत आलं होतं, ती माणसं पाय बघून गेली आणि परत फिरकली नाहीत. त्यानंतर फटकळ पोरगी गप्प झाली, आणि ते मालूला पायापेक्षा जास्त लागलं. अशात डॉक्टरांनी सांगितलं की आतली पट्टी काढायला दुसरं ऑपरेशन करावं लागेल. तारीखही ठरली. मालूला आधी आठवला तो नवस. मावलीला दिलेला शब्द तसाच ठेवून पोरीला पुन्हा त्या टेबलावर कशी झोपवायची?

तेवढ्यात दारात लोरेन आली. चर्चच्या मागच्या गल्लीत राहणारी, मुंबईला मूर्तिकला शिकलेली तरतरीत मुलगी. मिठागरात काम केलेल्या बायका शोधत ती कोनपर्यंत आली होती. मालूचे पाय बघून तिने खालीच बैठक मारली. म्हणाली, मावशी, मी मेरीचं काम करतेय, त्यासाठी मला तुमच्या पायांचा साचा घेऊन मेणाचे पाय करायचे आहेत. मग ती बाईच्या कष्टांबद्दल, शरीराबद्दल बराच वेळ बोलली, ते सगळं मालूच्या डोक्यावरून गेलं. पण ख्रिस्ती पोरगी, तोंडात मावलीचं नाव आणि मेणाचे पाय करायचे म्हणते, याचा दुसरा अर्थ तो काय असणार? मालूने मनाशी धरलं की मावलीनेच हिला घरी धाडलंय.

"माजा एकच घे," ती म्हणाली. "दुसरा माज्या पोरीचा घे. तिचाच खरा."

लोरेनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्यात आणखी काहीतरी दिसलं, कलावंतांना दिसतं तसं. दोघींपैकी एकीनेही दुसरीला विचारलं नाही की बाई, तुझ्या मनात नेमकं काय आहे. अंकिताही कधी नव्हे ती तयार झाली, कारण नवस घरबसल्या फिटत होता. पायांना गार लगदा लावला, तो घट्ट झाल्यावर काढला, लोरेन साचे घेऊन गेली आणि मालू त्या रात्री शांत झोपली.

प्रदर्शन वडाळे तळ्याजवळच्या एका हॉलमध्ये होतं, वसुंधराबाईंच्या महिला संस्थेने भरवलेलं. मालू ठेवणीतली साडी नेसून गेली. बघते तर समोर मावली उभी, माणसाएवढी. निळं लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, काखेत पोर, डोक्यामागे मिठाची पाटी उभी केलेली, तीच प्रभावळ. आणि खाली उघडे पाय. डावा मालूचा, भेगांसकट. उजवा अंकिताचा, वणासकट. पाय मावलीपुढे ठेवायचे होते, ते या पोरीने मावलीलाच लावले! आता नवस फिटला म्हणायचं, की मोठा गुन्हा घडला म्हणायचं? लोरेनला विचारायला गेली तर तिने मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी मूर्तीचा फोटो फोनाफोनांवर फिरला आणि मग जो तो उठून हॉलवर येऊ लागला. चर्चमधली काही माणसं दुखावली होती. ही आमची प्रार्थनेची माता आहे, तुमच्या प्रयोगाची वस्तू नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मालूला पटलं. त्याच चर्चमधल्या एका म्हातारीने मात्र मूर्तीपुढे मेणबत्ती लावून जपमाळ सुरू केली, तेही मालूला पटलं. वसुंधराबाईंनी आगीच्या भीतीने मेणबत्ती विझवली. आगरी पोरांचा एक घोळका आला, आमच्या आयांच्या लुगड्याची टिंगल चालवलीय म्हणून तावातावाने बोलला, आणि त्यांच्यातल्याच एकाची आई संध्याकाळी येऊन मूर्तीला कुंकू लावून गेली. वसुंधराबाई माइकवरून सांगत होत्या की ही पुरुषी नजरेला चपराक आहे. मूर्तीच्या बाळाचं झबलं शिवणारी मुबीना म्हणाली की बीबी मरियमचं नाव आमच्यातही अदबीने घेतात, यात एवढं भांडण्यासारखं काय ते काही समजत नाही, आणि घरी निघून गेली. शहाणी बाई.

हे पाय कुणाचे तेही लोकांना कळलं. एक मुलगी मालूच्या पाया पडली. लगेच मागून एका गृहस्थाने विचारलं, लाज नाही वाटली का? एका वार्ताहर पोरीने तिच्या तोंडापुढे माइक धरला, तर मालू म्हणाली की नवस होता. बातमीत आलं, कष्टकरी स्त्रीचं बंड. कुठली साल कुठल्या झाडाला! मालूने ती बातमी परेशकडून पुन्हा वाचून घेतली आणि बंड आपण नेमकं कधी केलं याचा विचार करत बसली.

यातलं काहीही तिने सोसलं असतं. पण अंकिता घरात बसून फोनवर लोकांचं लिहिलेलं वाचत होती. लुगड्यावर थोडं होतं, गुडघ्यांवर होतं, आणि पायावर फार होतं. लंगडी मेरी. देवाच्या मूर्तीला असला पाय लावतात का. अंकिता जेवेना. मालूने फोन काढून घेतला तर म्हणाली, "आई, आधी एका घराला माझा पाय नको होता. आता सगळ्या गावाला नकोय."

शेवटी बॅप्टिस्टकाकांनी मध्यस्थी केली. चर्चमधले जुने, निवृत्त शिक्षक, आवाज कधी चढवणार नाहीत. ते म्हणाले की लुगडं राहू दे, पाटी राहू दे, भेगांचा पाय कष्टाचा आहे, तोही राहू दे. पण माता निष्कलंक असते, तिचा पाय मोडका दाखवला हे लोकांच्या काळजाला लागलंय. तेवढा बदला, बाकीच्यांची समजूत मी घालतो. लोरेन पुष्कळ भांडली आणि मग दमली. प्रदर्शन वाचतंय म्हटल्यावर वसुंधराबाईंनी होकार दिला, आणि अंकिताचा पाय घेऊन जा असा मालूला निरोप धाडला.

खोटं कशाला सांगू, मालूचा जीव भांड्यात पडला. पाय मोकळा झाला. मावलीच्या अंगावरचा तो भार उतरला, आणि आता सरळ बांद्र्याला जाऊन पाय तिच्यापुढे ठेवायचा की झालं. ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. तिने अंकिताच्या हातापाया पडून तिला गाडीत बसवलं, परेशला गाडी काढायला लावली आणि हॉलसमोर दोघांना थांबवून पिशवी घेऊन एकटी आत गेली.

पाय वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर तयार होता. मालूने तो पिशवीत घातला. निघताना मावलीला हात जोडावेत म्हणून वळली. उजवीकडे नवा पाय बसवला होता, गोरा, गुळगुळीत, बोटं जाहिरातीतल्यासारखी. शेजारी तिचा काळा, फुटलेला. काका मूर्तीपुढे उभे होते. तिला बघून मायेने म्हणाले, "बघा मालूबाई, आता किती बरं दिसतं."

माणूस चांगला, बोलणंही चांगल्या मनाचं. पण ते वाक्य मालूच्या डोक्यात गेलं. पोरीचा पाय काढला तर बरं दिसतं. बाहेर गाडीत बसलेल्या पोरीला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? नवस, गुन्हा, मावलीचा मान, सगळ्याचा तिच्या डोक्यात काला झाला आणि त्यातून राग तेवढा नीट वर आला.

"मंग माजाबी काडा," ती म्हणाली.

वसुंधराबाईंना वाटलं बाई गमतीने बोलतेय. मग त्या समजावू लागल्या की तुमचा पाय म्हणजे या कामाचा प्राण आहे, त्याच्यावर लेख आलेत. काका म्हणाले, तुमच्या पायाला कुणाचीच हरकत नाही. मालू जागची हलली नाही. मुलीचा पाय जिथे चालत नाही तिथे आईचा उभा राहणार नाही, एवढंच तिचं म्हणणं, आणि ते तिने पुन्हा पुन्हा, एकाच आवाजात सांगितलं. अखेर लोरेन खाली बसली आणि तिने स्वतःच्या हाताने डावा पाय सोडवला. मग कुणी न सांगता तो नवा गोरा पायही काढून बाजूला ठेवला. लुगड्याखाली काहीच उरलं नाही. मालूने दुसरा पाय पिशवीत घातला. हे बरोबर केलं की चूक, तिला काडीचं कळत नव्हतं.

गाडीत अंकिताने पिशवी उघडून पाहिली. नवस तर माझ्या पायाचा होता, तुझा कशाला आणलास, असं तिने विचारलं. मालू म्हणाली, "तुजा एकटा कसा धाडू?" अंकिताने तोंड खिडकीकडे फिरवलं. पण पिशवी तिने मांडीवर घेतली होती, ती बांद्र्यापर्यंत खाली ठेवली नाही.

टेकडीवर नेहमीसारखी मेणाची दुकानं होती. एक बाई मागेच लागली, पाय घ्या, पाय घ्या. मालू तिच्याकडे न बघता अंकिताचा दंड धरून पायऱ्या चढली. अंकिता लंगडत चढत होती, माणसं बघत होती, आणि मालू बघणाऱ्यांकडे डोळे वटारून बघत होती. आत मावलीपुढे गुळगुळीत पायांची रास पडलेली. मालूने त्यात आपले दोन ठेवले, भेगांचा आणि वणाचा, एकमेकांना चिकटून. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं, ते आता एक अक्षर आठवेना.

"तुज्याच अंगावरनं काडून आनलंय," ती शेवटी म्हणाली. "तुला चालत व्हते का नवते, मला म्हाईत नाय. लोकांना नको व्हते. तू ठेवून घे."