लोड नव्हे, लोद!

आधीच सांगते, मी रसायनशास्त्राची बाई. अंगात येणं, करणी, भानामती... असलं काही कुणी बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं. आई म्हणायची, "तुझ्यापुढं भूतसुद्धा अर्ज घेऊन उभं राहील." तरी हे लिहितेय, कारण मी ते माझ्याच कानांनी ऐकलंय. तेही भर दुपारी, कोल्हापुरात, कॉलेजच्या पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये.

साल चौऱ्याहत्तर असावं. मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर होते. आमच्या लायब्ररीची पुस्तकं बांधायला दस्तगीरभाई यायचे. त्यांच्या घरी दुवांचा, म्हणजे प्रार्थनांचा, एक हस्तलिखित अरबी ग्रंथ होता - आदिलशाहीतला, असं त्यांचे अब्बा सांगायचे. मजकूर काळा, मथळे लालभडक. एकदा बाहेरगावचे एक जाणकार आले, त्यांनी ग्रंथावर अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला. लाल अक्षरं निळसर चमकली. झालं! म्हणाले, "यात विलायती रंग आहे, जुना नाही हा. तुमचे वडीलही बाइंडरच ना? त्यांनीच बनवला असणार."

दस्तगीरभाई तडक माझ्या लॅबच्या दारात येऊन उभे राहिले.

"अक्का, माझ्या मेलेल्या बापाला लबाड म्हणाला त्यो. मला कायबी बोला, पर अब्बाला न्हाय! आत अल्लाचं नाव हाय, टाकता येत न्हाय, फाडता येत न्हाय. शुक्रवारी नमाज झाली की पंचगंगेत थंड करतो."

थंड करतो म्हणजे पाण्यात सोडणार!

"येड लागलंय काय तुम्हाला?" मी ओरडलेच. "मी तपासतोवर जरा दम धरा की!" शिवणीत अडकलेला लाल मथळ्याचा एक सुटा कपटा त्यांनी मला काढून दिला.

त्यातला रंग द्रावणात उतरला. म्हणजे हिंगूळ-शेंदरासारखा खनिज रंग नाही, ते असे उतरत नाहीत. मग लाख असणार - झाडावरच्या किड्यांची. मी बाजारातून लाख आणली, सोडा आणि तुरटी घालून तशी शाई केली. (आम्ही जैन. किडे उकळतेय हे आईला कळलं असतं तर घरात घेतलं नसतं!) दोन्ही रंग फिल्टर पेपरच्या पट्टीवर शेजारी-शेजारी चढवले. असं केलं की रंगातले घटक सुटे होऊन वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. लाल डाग तंतोतंत जुळले. पण लॅबमधल्या तसल्याच दिव्याखाली ग्रंथाच्या रंगात एक निळा ठिपका चमकायचा, माझ्या रंगात नाही. चार वेळा केलं... नाहीच. त्या माणसाचंच खरं की काय? मला रडू यायचं बाकी होतं.

बुधवारी दुपारी, पोरं सारखी डोकावतात म्हणून आतून कडी घालून मी पाचव्यांदा लाख उकळत होते. पाठीमागून दणदणीत पुरुषी आवाज आला -

"लोद कुठाय गं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅदरिंगमध्ये गाण्याची बैठक होती. शिपाई सकाळपासून लोड-तक्के गोळा करत फिरत होते. मी मान न वळवता खेकसले, "लोड हॉलमध्ये हायेत! माझं डोकं खाऊ नका."

"लोड न्हवं गं बाई! लोद, लोद! लोदाबिगर लाख धरतीया व्हय?"

मी वळले. कुणी नाही. कडी आतून तशीच. दार उघडून व्हरांड्यात धावले, तर व्हरांडा मोकळा. शिपाई खाली हॉलमध्ये गाद्या घालत होते.

भीती वाटली? वाटली की! पण त्याहून जास्त राग आला, कारण लोद म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. लाख जिथून आणली होती, त्या काष्ठौषधीच्या दुकानात तशीच गेले. "लोद? म्हणजे लोध्राची साल. किती देऊ?" दुकानदार पुडी बांधायलाही लागला!

साल लाखेबरोबर उकळली. पट्टी लावली. दिवा धरला... निळा ठिपका! त्याच उंचीवर, तस्सा! नुसत्या सालीची पट्टी लावली, त्यातही तोच. लॅबमध्ये एकटीनंच टाळ्या पिटल्या मी.

ते जाणकार अजून गावातच होते; गुरुवारी त्यांना बोलावलं आणि पट्ट्या समोर ठेवल्या. ग्रंथ नेमका किती जुना हे माझ्या पट्टीवरून सांगता येत नाही, हेही बजावलं. पण चमक सालीची आहे, विलायती रंगाची नाही. त्यांनी तीन-तीनदा पाहिलं. मग दस्तगीरभाईंपुढे सरळ हात जोडले. "चुकलो मी. तुमच्या वडिलांवर उगाच आळ घेतला."

दस्तगीरभाई आधी ढसाढसा रडले. मग व्हरांड्यात जाऊन असे ओरडले की शेजारचा तास बंद पडला - "माझा बाप खरा हुता! आयका रं, खरा हुता!"

शुक्रवारी ते नदीवर गेले नाहीत. पेढे घेऊन आले. तेव्हा मी त्यांना तो आवाज सांगितला आणि विचारलं, "तुमचे अब्बा तर नसतील?"

"छ्या! अब्बा शाई दुकानातनं आणायचा. त्याला कुठलं लोद म्हाईत?"

मग कोण? आदिलशाहीतला लिहिणारा असं कोल्हापुरी बोलेल? लोक म्हणतात, तो शब्द कधीतरी कानावरून गेला असेल, तोच आठवला. असेल बाबा! पण मी लोड म्हणाल्यावर मला झापलं कुणी? इतकी वर्षं झाली, उत्तर नाही. माझ्यासारखीला हे कबूल करणं जड जातं.

दस्तगीरभाईंना मात्र काही जड गेलं नाही. माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले, "कोण का असंना, अक्का. माझ्या बापाच्या बाजूनं बोलला न्हवं? बास की!"