चौकशीबाईचा आवाज

सरकारी कचेरीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खिडकीत ती बसायची. सगळे तिला चौकशीबाई म्हणत. खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. कुठला अर्ज कुठे द्यायचा, आधी सही कुणाची घ्यायची, कुठला साहेब जेवण झाल्यावर भेटतो पण तेव्हा भेटू नये, हे सगळं तिला तोंडपाठ. खिडकीशी पोचलं की निम्मं काम झालं, असं लोक म्हणायचे. उरलेलं निम्मं अडायचं ते वर, जिथे या टेबलाला त्या टेबलाची ओळख नसे.

घरी मात्र ती मुकी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ती आणि ऐंशी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू सासू. दिवसभर बोलून घशाला कोरड पडलेली असायची. ताट, औषध, अंथरूण, सगळं वेळच्या वेळी व्हायचं, पण शब्दांची काटकसर. "आमची सून करते सगळं," सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "बोलत तेवढी नाही."

मग कचेरीत नवी व्यवस्था आली. माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर कचेरीचं निम्मं शहाणपणही घरी जातं. ते आधीच साठवायचं, सगळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकींना जोडायच्या आणि लोकांना घरबसल्या फोनवर उत्तर द्यायचं, असं ठरलं. या कामावरची इंजिनीअर मुलगी खिडकीत तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसू लागली.

"बाई, त्या आजोबांना तुम्ही आधी पाणी का दिलंत? त्यांनी तर पेन्शनचं विचारलं होतं."

"अगं, ते चिडलेले होते. चिडलेल्या माणसाला निम्मंच ऐकू येतं."

मुलगी तेही टिपून घ्यायची. लोकांची परवानगी घेऊन खिडकीवरचं बोलणं कित्येक महिने रेकॉर्ड झालं. शेवटी ती म्हणाली, "आवाजही तुमचाच ठेवू का? लोकांना ओळखीचा वाटेल." चौकशीबाई हसली आणि सही करून मोकळी झाली.

व्यवस्था चांगली निघाली, यात वाद नाही. एका खात्याला दिलेला दाखला दुसरं खातं पुन्हा मागेना. लंगडत जिना चढणारी माणसं दिसेनाशी झाली. खिडकीला फळी लागली आणि चौकशीबाईला वर एक खोली मिळाली. नियम बदलले की ते यंत्राला शिकवायचे आणि चुकलेली उत्तरं दुरुस्त करायची, हे तिचं नवं काम.

पहिल्यांदा विचित्र वाटलं ते दुकानात. तिनं साबण मागितला, तशी शेजारची अनोळखी बाई एकदम बोलायला लागली, "माझ्या मुलाच्या दाखल्यात आडनाव चुकलंय." तिची नजर चौकशीबाईच्या तोंडावर नव्हती. कुठेतरी मधल्या हवेत होती. बसमध्ये तिनं तिकीट मागितलं आणि पुढच्या बाकावर डुलक्या घेणारा माणूस जागा झाला. मागे वळून न बघताच त्यानं आपल्या वारलेल्या बायकोचं नाव सांगितलं, मग जन्मतारीख, आणि उत्तराची वाट बघत बसला. त्या दिवसापासून ती बाहेर दबक्या आवाजात बोलू लागली.

एका दुपारी अंगात कणकण होती म्हणून ती लवकर घरी आली. दाराशी चप्पल काढताना तिला आतून हसणं ऐकू आलं. तिचंच हसणं. ती बाहेर उभी होती आणि आत तीच हसत होती.

"मग पुढे काय केलंत हो तुम्ही?" आतला आवाज म्हणाला.

"करणार काय? तशीच ओल्या साडीनं लग्नाला उभी राहिले," सासूबाई म्हणाल्या आणि दोघी पुन्हा हसल्या. ही गोष्ट सुनेनं कधीच ऐकली नव्हती.

ती आत गेली. सासूबाई खाटेवर फोन कानाला लावून बसल्या होत्या.

"आई."

सासूबाईंनी मान वळवली. "कोण आहे?"

"मी. तुमची सून."

"सून ऑफिसात आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "आत्ता बोलतेय ना माझ्याशी."

दुसऱ्या दिवशी तिनं इंजिनीअर मुलीला गाठलं. मुलगी विचारात पडली. "पेन्शनचं विचारायला फोन लावला असेल. एकटं म्हातारं माणूस असेल तर त्याच्याशी चार शब्द जास्त बोलायचे, तेही यंत्र तुमच्याकडूनच शिकलंय."

"काय बोलतात त्या?"

"ते मला उघडता येत नाही, बाई. कुणालाच येत नाही."

मग तिनं स्वतःच नंबर फिरवला.

"नमस्कार. बोला," तिचा आवाज म्हणाला.

"माझी सासू तुझ्याशी काय बोलते?"

बोलण्याआधी आवंढा गिळायची तिला सवय होती. पलीकडून तोही ऐकू आला.

"ते नाही सांगता येणार, बाई. माणसं इथे विश्वासानं बोलतात."

खिडकीत कुणी विचारलं असतं तर तिनं हेच सांगितलं असतं, शब्दाला शब्द.

त्यानंतर काही दिवसांनी, भरदुपारी, फोनवर बोलता बोलता सासूबाईंना धाप लागली. सून तेव्हा कचेरीच्या वरच्या मजल्यावर बैठकीत चहा पीत होती. फोनवरच्या आवाजाला श्वासातला फरक कळला. घर कुठलं, मजला कुठला, औषधं कुठली, सगळं जोडलेलंच होतं. रुग्णवाहिका निघाली, शेजारणीला दार उघडायचा निरोप गेला. चौकशीबाई दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत."

सासूबाईंनी चाचपडत तिचा हात धरला. "तू होतीस म्हणून वाचले. गाडी येईपर्यंत बोलत राहिलीस. घाबरू नका, मी इथेच आहे, म्हणालीस."

तिनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

इंजिनीअर मुलगी भेटायला आली होती. जाताना हळूच म्हणाली, "नको असेल तर आवाज बदलू या. तुम्ही म्हणाल तर उद्याच." चौकशीबाईनं काचेतून खाटेकडे पाहिलं. "आणि उद्या यांनी फोन लावला तर कोण उचलेल?" ती म्हणाली. "राहू दे."

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी फोन मागितला. तिनं तो लावून दिला आणि खाटेच्या कडेशी बसली. थोडं बोलून झाल्यावर सासूबाई फोनमध्ये म्हणाल्या, "घरातली ती बसलीय इथं. बोल जरा तिच्याशी." आणि त्यांनी फोन पुढे केला.

तिनं तो कानाला लावला. आतून तीच ऐकत होती.

"डॉक्टर म्हणाले, यांना पायऱ्या चढताना दम लागायचा," ती म्हणाली, "हे तुला माहीत होतं का?"

"ते त्यांनाच विचारा ना," आवाज म्हणाला. "शेजारीच बसल्यात."

तिनं फोन ठेवला. मग आवंढा गिळून तिनं विचारलं, "आई, दम कधीपासून लागत होता?"

सासूबाई दचकल्या. त्यांनी हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला, कपाळ, गाल, मग ओठ, आणि बोटं तिथेच ठेवली.

"पुन्हा बोल," त्या म्हणाल्या.