अण्णांची जुनी पेटी

“आधी पाणी गाळा, मग वाफेचं बोला,” असं अण्णा नेहमी म्हणत. पातेल्यावर दुहेरी फडकं धरून ते पाणी गाळत, फडकं पुन्हा विहिरीच्या पाण्यात विसळत, त्यातले जीव परत जावेत म्हणून. जैन घरातला हा रिवाज त्यांनी इंजिनालाही लावला होता. तुम्ही म्हणाल, केवढं हे इंजिन? हातभर, पितळेचं.

सांगलीच्या एका पंपाच्या कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या लेथवर होतो. ते वयानं मोठे. निवृत्तीनंतर मी नातवंडांत रमलो, अण्णा पितळेत. मिरजेहून पूर्वी छोट्या रुळांवर धावणारं इंजिन त्यांना हुबेहूब करायचं होतं, तेही वाफेवर चालणारं. पत्रा कापणं, डाख देणं, चाकं कातणं, सगळं स्वतः. विकतचा स्क्रूसुद्धा त्यांना चालत नसे.

पहिल्यांदा पेटवलं तेव्हा इंजिन झकास पळालं. आम्ही टाळ्या पिटल्या. अण्णांनी मात्र इंजिन थांबवलं, कारण खालच्या स्पिरिटच्या दिव्यात एक पाखरू जळालं होतं.

त्यांनी दिव्याभोवती बारीक जाळी बसवली. मग ज्वाळेला हवा मिळेना, वाफ धरेना, इंजिन जागचं हलेना. मी वैतागलो.

“आवं अण्णा, काढा ती जाळी. घटकाभर चालवायचं, त्यात किती पाखरं येणार हाईत?”

“एक आलं तरी? त्येच्याकडं दुसरा जीव हाय व्हय रं?”

चकचकीत केलेलं इंजिन त्यांनी पुन्हा खोललं. जाळी ज्वाळेपासून लांब सरकावी म्हणून दिवा जिच्यात बसतो ती भट्टीची पेटी नव्यानं, दोन्ही अंगांनी रुंद केली. पावसाळा त्यातच गेला. शेवटी इंजिन जाळीसकट चाललं, चार डबे ओढत. पेढे मात्र गल्लीभर मी वाटले.

साताऱ्याला हौशी कारागिरांची स्पर्धा होती. परीक्षक सज्जन माणूस. त्यांनी पट्टी लावून पाहिली.

“काम फार सुंदर आहे. पण मूळ इंजिनाची पेटी एवढी रुंद नव्हती. तेवढी बदलता आली, तर पहिला नंबर तुमचाच.”

जुनी पेटी सुट्या भागांबरोबर अण्णांच्या पिशवीतच होती. चार स्क्रूंचं काम. मी पिशवीकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं, बराच वेळ.

“तुमचं बरोबर हाय, साहेब. पण मूळ इंजिन मी चालवत नव्हतो. ह्ये मी चालवतो.”

मग स्पर्धेबाहेर, दाराजवळच्या टेबलावर त्यांनी इंजिन पेटवलं. ही गर्दी झाली! मी छाती फुगवून येईल त्याला सांगत होतो, “हे आमचे अण्णा.” इतका अभिमान मला स्वतःच्या कुठल्याच कामाचा कधी वाटला नाही.

परतीच्या गाडीत कोरेगाव मागं पडल्यावर त्यांनी ती जुनी पेटी माझ्या हातात दिली.

“ही तुझ्याकडं ठेव, गड्या. माझ्याजवळ ऱ्हायली तर कवातरी मोह व्हईल. आज लय झाला हुता.”

अण्णा आता नाहीत. पेटी माझ्या टेबलावर असते. कुणी हातात घेऊन विचारतं, हे काय? मी सांगतो, हा आमच्या अण्णांचा पहिला नंबर.